सौर दिवे घेताना डिसेंबरचा हिशोब आधी करा



दिवाळी महिन्यावर आली आहे. इथल्या दुकानांत बागेतले सौर दिवे आता स्वस्तात निघतील, कारण दुकानदारांच्या दृष्टीने त्यांचा हंगाम संपला. आणि आपण नेमके त्याच वेळी ते घ्यायला जातो, कारण आपला हंगाम आत्ता सुरू होतो. मागच्या दोन कार्यक्रमांनंतर काही श्रोत्यांनी विचारलं, की सौर दिवे घ्यावेत का, कुठले घ्यावेत, आणि आमचे गेल्या वर्षीचे का लागत नाहीत? म्हणून आजची पंधरा-वीस मिनिटं या विषयाला.

सुरुवात माझ्या घरातल्या एका प्रसंगापासून करतो. सांगायला थोडा संकोच वाटतो, कारण माझी नोकरीच इमारतींच्या देखभालीची. लंडनमधल्या ऑफिसांचे दिवे, पंखे, फ्यूज यांच्यात सव्वीस वर्षं गेली. तरी चूक झाली ती माझ्याच हातून.

काही वर्षांपूर्वी आई दापोलीजवळच्या आमच्या गावाहून इथे दिवाळीला आली होती. आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून मागच्या गार्डनमध्ये उतरायला तीन पायऱ्या आहेत. ऑगस्टमध्ये मी जमिनीत खोचायच्या सौर दिव्यांचा एक डबा आणला होता, आठ दिव्यांचा. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ते लावले. ऑगस्टभर त्यांनी झकास काम केलं. पहाटे पाणी प्यायला उठलो तरी खिडकीतून ते जळताना दिसायचे. मी खूश. वायर नाही, खोदकाम नाही, विजेचं बिल नाही.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात होती. घड्याळं एक तास मागे गेलेली, साडेचारलाच सूर्यास्त. दिवसभर ढग होते. आईने पाचच्या सुमाराला खिडकीतून पाहिलं, तेव्हा दिवे लागलेले होते. सव्वासातला ती भाजीची देठं कंपोस्टच्या डब्यात टाकायला मागे गेली. तोवर आठही दिवे विझले होते. पायरी ओली होती. दुसऱ्या पायरीवर पाय घसरला आणि ती हातावर पडली. डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. फराळाच्या ताटापेक्षा इस्पितळातल्या खुर्च्याच त्या दिवाळीत जास्त लक्षात राहिल्या.

तिथे बसलेलो असताना आई मला म्हणाली, "अरे, पाच वाजता तर लागलेले दिसले मला. म्हणून तर टॉर्च नाही घेतली हातात."

मंडळी, आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे. दिवा मुळातच नसता, तर आई टॉर्च घेऊन गेली असती. दिवा आहे असं तिला वाटलं, म्हणून ती पडली. ज्या दिव्यावर आपण विसंबतो आणि जो मध्येच विझतो, तो नसलेल्या दिव्यापेक्षा वाईट.

मग मी बसून नीट हिशोब केला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. सौर दिवा म्हणजे नुसता दिवा नाही, ते एक छोटं बचत खातं आहे. दिवसा उन्हातून जेवढं जमा होईल, तेवढंच रात्री खर्चाला मिळतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आपल्या या देशात उन्हाचा आड हिवाळ्यात जवळजवळ कोरडा पडतो.

आकडे सांगतो. लंडनमध्ये २१ जूनला दिवस साधारण साडेसोळा तासांचा असतो. २१ डिसेंबरला तो आठ तासांपेक्षाही थोडा कमी. एडिंबरामध्ये तर सात तासांच्या आसपास. मुंबईत डिसेंबरातला लहानात लहान दिवससुद्धा जवळजवळ अकरा तासांचा असतो. इथे डिसेंबरात दिवेलागण होते मुलं शाळेतून घरी येतात त्या वेळेला.

पण नुसते तास मोजून भागत नाही. सूर्य किती वर येतो, तेही महत्त्वाचं. डिसेंबरात भर दुपारी लंडनचा सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंश वर असतो. हात समोर ताणून मूठ क्षितिजावर धरा, ती साधारण १० अंश भरते. म्हणजे दीड मूठ. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांवर असतो. तिरप्या उन्हात जोर नाही, त्यात इथले ढग. परिणाम असा, की डिसेंबरच्या दिवसात सपाट जागेवर जी सौर ऊर्जा पडते, ती जूनच्या दिवसाच्या साधारण एक दशांश असते. उत्पन्न दहापट कमी, आणि रात्र दुपटीहून मोठी. आमच्या पायऱ्यांवर हेच घडलं होतं.

आता त्या खोचायच्या दिव्याचं पोट उघडून पाहू. वर दोन इंच बाय दोन इंचाचं पॅनेल. आत पेन्सिल सेलच्या आकाराची एक रिचार्जेबल बॅटरी, १.२ व्होल्टची आणि समजा ६०० मिलीअँपिअर-तासांची. या दोन आकड्यांचा गुणाकार करून हजाराने भागा. ०.७२ वॅट-तास. हे झालं खात्यातलं जास्तीत जास्त शिल्लक. आतला एलईडी दिवा ०.०६ वॅटचा असेल, तर तो भरलेल्या बॅटरीवर बारा तास जळेल. जूनची रात्र साडेसात तासांची. म्हणून उन्हाळ्यात तो पहाटेपर्यंत टिकतो आणि आपण खूश होतो.

डिसेंबरात तेच पॅनेल लंडनच्या सरासरी दिवशी, मधली गळती वजा जाता, ०.१ वॅट-तासाच्या आसपास कमावतं. म्हणजे दिवा जेमतेम दोन तास. साडेचारला लागला तर साडेसहाला बंद, आणि रात्र अजून तेरा-चौदा तास बाकी. दिवा बिघडलेला नसतो, मंडळी. खातं रिकामं असतं.

काही जण म्हणतात, मग मोठ्या क्षमतेची बॅटरी घालू. त्याने हिवाळ्यात फरक पडत नाही. मोठा हंडा आणला म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. नळ म्हणजे इथे पॅनेल. आधी पॅनेल मोठं हवं, मग बॅटरी.

तर सौर दिवा घेताना पहिला प्रश्न "किती छान दिसतो" हा नाही, "किती वॅटचा" हाही नाही. पहिला प्रश्न असा, की हा दिवा मला कशासाठी हवा आहे? कामं साधारण तीन आहेत. एक शोभा. दुसरं वाट दाखवणं. तिसरं राखण, म्हणजे दारापाशी किंवा गाडीपाशी कोणी आलं तर उजेड पडावा. या तिन्हींसाठी वेगवेगळे दिवे लागतात.

शोभेचं आधी. कुंड्यांमधले दिवे, कुंपणावरच्या माळा, झाडाला टांगलेले कंदील. इथे सौर दिवे खुशाल घ्या. विझले तर कोणी पडत नाही. उन्हाळ्यात पाहुण्यांबरोबर बाहेर जेवायला बसलात तर सुंदर दिसतात. दिवाळीसाठी मात्र एक युक्ती सांगतो. आतली बॅटरी काढता येते असेच दिवे घ्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या बॅटऱ्या काढून घरातल्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा आणि परत घाला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दिवे बारा तास जळतील. काही माळांना यूएसबीने चार्ज करायची सोय असते, तशी मिळाली तर आणखी सोपं. लुकलुकणारा मोड स्थिर मोडपेक्षा कमी वीज खातो, तोही उपयोगी पडतो.

दुसरं काम राखणीचं. ड्राइव्हवे, मागची शेड, बाजूची बोळ. इथे हलचालीवर लागणारा, म्हणजे मोशन सेन्सरचा सौर दिवा उत्तम. कारण त्याचा खर्च फार थोडा. पाहा, ३ वॅटचा चांगला प्रखर दिवा प्रत्येक वेळी अर्धा मिनिट लागला आणि रात्रीत वीस वेळा लागला, तर एकूण दहा मिनिटं. खर्च अर्धा वॅट-तास. तेच एक मंद, ०.१ वॅटचा दिवा पंधरा तास सतत ठेवला, तर दीड वॅट-तास. प्रखर दिवा तिप्पट स्वस्त पडला, कारण गरज असेल तेव्हाच लागला. अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणतात ते हेच. पोस्टकार्डाएवढं पॅनेल दक्षिणेच्या उन्हात असेल, तर डिसेंबरातही एवढा खर्च निघू शकतो.

या दिव्यांना बहुधा तीन मोड असतात. रात्रभर मंद, रात्रभर मंद पण माणूस आल्यावर प्रखर, आणि फक्त माणूस आल्यावर. ऑक्टोबर ते मार्च तिसराच मोड ठेवा. रात्री कोल्हा आला तरी दिवा लागेल, त्याला इलाज नाही. सेन्सर थोडा खाली वळवला तर शेजारच्या मांजरांची हजेरी कमी लागते.

तिसरं काम वाट आणि पायऱ्या. इथे मी स्पष्ट सांगतो. ज्या पायरीवरून घरातलं वयस्कर माणूस किंवा लहान मूल रोज उतरतं, तिथे इंग्लंडच्या हिवाळ्यात फक्त सौर दिव्यावर विसंबू नका. तिथे विजेचा दिवा लावा. खर्चाची भीती वाटत असेल तर हिशोब ऐका. ३ वॅटचा एलईडी दिवा डिसेंबरातल्या सोळा तासांच्या रात्री सतत जळला, तर ४८ वॅट-तास. एक युनिट वीज वापरायला त्याला जवळपास एकवीस रात्री लागतात. आजच्या दराने ते साधारण पाव पौंड होतं. तीन आठवड्यांच्या निर्धास्तपणाला पाव पौंड. बाहेरचं पक्कं वायरिंग मात्र नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मी स्वतः या कामातला असूनही सांगतो, की ओल्या जागेतली वीज हा रविवारी दुपारी हौसेने करायचा उद्योग नाही. तुमच्याकडे बाहेरचा सुरक्षित सॉकेट आधीच असेल, तर ट्रान्सफॉर्मरवर चालणारे १२ व्होल्टचे बागेचे दिवे मिळतात, ते सोयीचे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना भिंतीला हात लावता येत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी मोशन सेन्सरचा, वेगळ्या पॅनेलचा सौर दिवा घ्यावा आणि दाराशी एक टॉर्च टांगून ठेवावी. टॉर्च तिथे असणं हा कमीपणा नाही.

आता खोक्यावर काय वाचायचं, ते सांगतो. पाच गोष्टी.

पहिली, ल्युमेन. हा उजेडाचा आकडा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा. शोभेच्या खोचायच्या दिव्याला ५ ते १५ ल्युमेन असतात. पायवाटेला काही दहा ल्युमेन तरी हवेत, दाराशी दोनशेच्या पुढे. खोक्यावर हजारो ल्युमेन लिहिलेत आणि पॅनेल मात्र काडेपेटीएवढं, असं दिसलं तर खोकं परत ठेवा. तेवढा उजेड पाडायला लागणारी वीज ते पॅनेल कमावूच शकत नाही.

दुसरी, बॅटरी. व्होल्ट आणि मिलीअँपिअर-तास दिलेले हवेत, म्हणजे मघाचा गुणाकार तुम्हाला करता येईल. ज्या खोक्यावर हे आकडेच नाहीत, ते मी घेत नाही. प्रकारही पाहा. निकेल मेटल हायड्राइड म्हणजे पेन्सिल सेलसारखी, सहज मिळणारी, बदलायला सोपी. लिथियम आयन जास्त वीज साठवते, पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करणं तिच्या प्रकृतीला चांगलं नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण तिचं आयुष्य मोठं. आणि बॅटरी बदलता येते की नाही, हे नक्की विचारा. सौर दिव्यात सगळ्यांत आधी थकते ती बॅटरीच. ती सीलबंद असेल, तर दोन-तीन वर्षांनी सगळा दिवाच कचऱ्यात जातो.

तिसरी, पॅनेल. मोनोक्रिस्टलाइन असं लिहिलेलं असेल तर चांगलं, कारण तेवढ्याच जागेत ते जास्त वीज बनवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॅनेल दिव्यापासून वेगळं आहे का? तीन ते पाच मीटर वायरने जोडलेलं पॅनेल असेल, तर दिवा अंधाऱ्या बोळात आणि पॅनेल उन्हात, असं करता येतं. अडचण अशी, की जिथे दिवा हवा असतो तिथे बहुधा ऊन नसतं.

चौथी, आयपी क्रमांक. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ४४ म्हणजे शिंतोडे सोसेल, वळचणीखाली चालेल. उघड्यावर लावायचा असेल तर आयपी ६५ पाहा, तो पाण्याच्या फवाऱ्यालाही टिकतो.

पाचवी, उजेडाचा रंग. हा केल्विनमध्ये लिहितात. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे आपला उबदार पिवळसर उजेड, समईच्या जवळ जाणारा. ६००० म्हणजे निळसर पांढरा, इस्पितळासारखा. घराला पहिला बरा दिसतो आणि वटवाघळं-कीटकांनाही त्याचा त्रास कमी. दिवा खाली तोंड करूनच लावा. शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये झोत जात असेल तर ते कौन्सिलकडे तक्रार करू शकतात, इंग्लंडमध्ये तसा कायदा आहे. आणि कायदा नसता तरी शेजारधर्म आहेच.

आता जागा. दिवा कितीही चांगला असला, तरी जागा चुकली की पैसे वाया. इथे आपल्याला पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. हिवाळ्यासाठी ते सपाट ठेवू नका, बरंच उभं ठेवा, जमिनीशी साधारण ६० ते ७० अंशांत. समोरून येणारं खालचं ऊन मग त्याला सरळ मिळतं, आणि पाऊस, पालापाचोळाही घसरून जातो.

सावलीचा एक आकडा सांगतो, तो ऐकून मी स्वतः चकित झालो होतो. आपल्या गार्डनचं कुंपण बहुधा सहा फूट उंच असतं. जूनमध्ये भर दुपारी त्याची सावली साधारण तीन फूट पडते. डिसेंबरात तीच सावली बावीस फूट लांब जाते. म्हणजे तुमचं छोटं गार्डन असेल, तर दक्षिणेच्या कुंपणामागे ते जवळजवळ पूर्ण सावलीत बुडतं. जमिनीत खोचलेल्या दिव्याला डिसेंबरात ऊन दिसतच नाही. म्हणून पॅनेल उंच लावा. शेडच्या छपरावर, कुंपणाच्या वर, भिंतीवर. घेण्याआधी एक काम करा. सुटीच्या दिवशी सकाळी दहा, दुपारी बारा आणि दोन, असे तीन वेळा ती जागा पाहा. फोनवर फोटो काढून ठेवा. तिन्ही वेळा सावली असेल, तर तिथे सौर दिवा घेऊ नका. उत्तरेकडच्या बाल्कनीवाल्या फ्लॅटमध्येही तेच.

आणखी दोन बारीक गोष्टी. पॅनेल खिडकीच्या काचेआड ठेवलं तर कमाई घटते. आणि दिवा रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात किंवा तुमच्या पोर्चच्या दिव्याजवळ लावला, तर त्याला वाटतं अजून दिवसच आहे, आणि तो लागतच नाही. "नवीन दिवा खराब निघाला" म्हणून परत करण्याआधी पॅनेलवर हाताचा तळवा झाकून पाहा. लागला, तर दिवा ठीक आहे, जागा बदला. तरीही नाही लागला, तर बॅटरीजवळची प्लास्टिकची पट्टी ओढायची राहिली आहे का आणि खालचं बटण सुरू आहे का, ते पाहा. माझ्याकडे "बिघडलेले" म्हणून आलेले कित्येक दिवे असेच दुरुस्त झाले आहेत.

निगाही थोडी लागते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पॅनेल पुसा. इथे हिवाळ्यात शेवाळ धरतं, पक्षी आपलं काम करून जातात. बॅटरी बदलताना त्याच व्होल्टची रिचार्जेबलच घाला. साधे पेन्सिल सेल कधीही घालू नका, चार्जिंगमुळे ते गळतात, फुटूही शकतात. आकार सारखा दिसला म्हणून १.२ व्होल्टच्या जागी ३.७ व्होल्टची लिथियम घालायची नाही. जुन्या बॅटऱ्या कचऱ्याच्या डब्यात न टाकता सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या संकलनाच्या डब्यात टाका. आणि शोभेचे दिवे दिवाळी झाली की चार्ज करून, बटण बंद करून, आत काढून ठेवा. हिवाळाभर अर्धपोटी ठेवलेली बॅटरी लवकर मरते.

आता थोडं गावाकडच्या घराबद्दल. आपल्यातले अनेक जण आई-वडिलांसाठी सौर दिवा न्यायचा किंवा तिकडे घेऊन द्यायचा विचार करतात. तिकडे हिशोब वेगळा आहे, पण रीत तीच. वर्षातला सगळ्यांत वाईट महिना धरून दिवा निवडायचा. इथला वाईट महिना डिसेंबर. कोकणातला वाईट महिना जुलै. डिसेंबरात कोकणात लख्ख ऊन असतं. पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि वीज जाते तीही तेव्हाच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगडमध्ये आणि आमच्या दापोली-मंडणगडकडे विजेचे खांब आडवे झाले. गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. आम्ही इकडे फोन हातात घेऊन बसलो होतो, आणि आईचा फोन चार्ज नव्हता.

म्हणून गावाकडे अंगणात शोभेचा दिवा देण्याआधी घरात एक चांगला सौर कंदील द्या. त्यात तीन गोष्टी पाहा. तो उन्हावर आणि विजेवर, दोन्हींवर चार्ज होणारा हवा, म्हणजे जुलैत वीज असेल तेव्हा भरून ठेवता येतो. त्यातून मोबाईल चार्ज करता यायला हवा. आणि बटण मोठं, अंधारात हाताला सापडेल असं. तो तिकडेच घेतला तर दुरुस्तीला सोपं जातं. इथून नेणार असाल तर लिथियम बॅटरीचा कंदील हातातल्या सामानात ठेवा, सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. विमान कंपनीचे नियम निघण्याआधी पाहून घ्या.

आणि हो, तिकडे पॅनेल उभं लावू नका. कोकणातला सूर्य बराच वरून येतो. दक्षिणेला थोडासा उतार, १५ ते २० अंशांचा, पुरतो. पावसाचं पाणी निथळून जाईल एवढाच.

शेवटी आमच्या पायऱ्यांचं सांगतो. आता तिथे भिंतीवर ३ वॅटचा विजेचा दिवा आहे, संध्याकाळ झाली की आपोआप लागतो आणि सकाळी विझतो. प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी, न घसरणारी पट्टी आहे. शेडजवळ मोशन सेन्सरचा सौर दिवा आहे, त्याचं पॅनेल छपरावर दक्षिणेला. आणि ते जुने आठ दिवे? टाकले नाहीत. त्यांच्या बॅटऱ्या बदलल्या आणि ते पुढच्या दारी, रांगोळीच्या भोवती लावतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी मुलगी बॅटऱ्या चार्जरला लावते. ते काम तिचं.

आई पुढच्या खेपेला आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मागच्या दारात उभी राहिली. भिंतीवरच्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "हा रात्रभर राहतो ना रे?"

मी म्हटलं, "राहतो."

ती म्हणाली, "मग ठीक." आणि देठांचं भांडं घेऊन खाली उतरली. दाराशी टांगलेली टॉर्च मात्र तिने हातात घेतली होती.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. संध्याकाळी सात वाजता आपल्या मागच्या दारात उभं राहा. कुठला दिवा शोभेचा आहे आणि कुठल्या दिव्यावर घरातलं कोणी विसंबून पाऊल टाकतं, ते पाहा. शोभेचे दिवे उन्हावर सोडा. पाऊल ज्याच्या भरवशावर पडतं, तो दिवा आधी पक्का करा.

तुम्हां सर्वांना येणाऱ्या दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा. सांभाळून राहा. नमस्कार.